उपज्झाय कोणी व्हावे? : प्रौढांच्या शिक्षकाची घडण आणि विनयपिटक

महाराष्ट्रातील प्रौढशिक्षणाचा इतिहास लिहिताना काही टप्पे हमखास सांगितले जातात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी काढलेली रात्रीची शाळा, १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, १९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आणि १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता मिशन. या इतिहासात वर्गांची संख्या असते, नवसाक्षरांची संख्या असते. शिकविणाऱ्याला कोणी घडविले, त्याची पात्रता कोणी व कशी ठरविली, आणि त्याच्यापुढे बसलेला मनुष्य जर वृद्ध, आजारी, विसराळू, वेगळ्या बोलीचा किंवा अधू असेल तर त्याने काय करावे असे त्याला सांगितले गेले, याविषयी मात्र त्यात फारसे सापडत नाही. हा प्रश्न भारतात फार पूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर नियमांच्या रूपाने नोंदवूनही ठेवले गेले होते. ती नोंद विनयपिटकात आहे. आमचे उपासक-वाचक सुत्तपिटकाशी परिचित असतात. विनय हा भिक्खूंचा विषय म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखात त्यातील महावग्गाच्या पहिल्या खंधकाकडे आम्ही केवळ शिक्षणाच्या दृष्टीने पाहणार आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भिक्खुसंघ ही मुलांची शाळा नव्हती. राजगृहातील सतरा मुलांना उपसंपदा देण्यात आली आणि पहाटे उठून ती यवागूसाठी रडू लागली, तेव्हा वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम झाला. म्हणजे श्रामणेर वगळता संघातील शिकणारा प्रत्येक जण प्रौढ होता. आणि हे प्रौढ एका साच्याचे नव्हते. कपिलवस्तूचा न्हावी उपाली, राजगृहाचे रस्ते झाडणारा सुनीत, यज्ञयाग करणारे उरुवेलेचे जटिल बंधू, चंपेच्या धनिकाचा सुकुमार मुलगा सोण कोळिविस, आणि धम्मपद-अट्ठकथेत ज्याची कथा येते तो म्हातारपणी संघात आलेला दरिद्री ब्राह्मण राध, हे सारे एकाच वेळी विद्यार्थी होते. प्रत्येकाच्या पाठीशी वेगळे आयुष्य होते, आणि प्रौढ माणूस आपले आयुष्य दाराबाहेर ठेवून वर्गात येत नाही.

महावग्ग सांगतो की आरंभी या नवागतांना कोणी शिकविणाराच नव्हता. ते वस्त्र नीट न नेसता भिक्षेस जात, जेवणाऱ्यांच्या ताटावर आपले पात्र पुढे करीत, भोजनशाळेत गोंगाट करीत. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा तथागतांनी नवागतांना दोष दिला नाही. उपज्झायाची योजना केली. उपज्झायाने सद्धिविहारिकाकडे पुत्रभावाने पाहावे आणि सद्धिविहारिकाने उपज्झायाकडे पितृभावाने पाहावे असे त्या योजनेचे सूत्र आहे. उपज्झाय दूर गेला, निवर्तला किंवा चीवर सोडून गेला तर त्याच्या जागी आचरिय असावा आणि त्याचीही कर्तव्ये तीच असावीत, अशी पुढची तरतूद आहे. शिकणारा एक दिवसही अनाथ राहू नये असा तिचा हेतू दिसतो.

कर्तव्यांची ही यादी वाचताना आजच्या वाचकास प्रथम थोडे अवघडल्यासारखे होते. शिष्याने पहाटे उठावे, दातवण द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, यवागू द्यावी, पात्र धुवावे. ही तर जुनी गुरुसेवाच झाली, असे कोणी म्हणेल. पण पुढे वाचले म्हणजे चित्र पालटते. उपज्झायाने शिष्याला पाठ देऊन, प्रश्नोत्तरे करून, उपदेश करून व मार्ग दाखवून साह्य करावे. त्याच्याजवळ पात्र-चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे. आणि शिष्य आजारी पडला तर दातवणापासून पात्र धुण्यापर्यंतची तीच सर्व कामे उपज्झायाने शिष्यासाठी करावीत व तो उठेपर्यंत थांबावे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर उपज्झायाच्या मनात उदासीनता, शंका किंवा चुकीची दृष्टी उत्पन्न झाली तर ती दूर करणे किंवा दूर करविणे हे शिष्याचे कर्तव्य मानले आहे. शिष्याने गुरूची चूक दुरुस्त करावी असे कर्तव्य म्हणून लिहून ठेवणारी गुरुपरंपरा आम्हांस तरी दुसरी ठाऊक नाही.

आता पात्रतेचा प्रश्न. वंगन्तपुत्र उपसेन हा भिक्खू होऊन एकच वर्ष झाले असता त्याने एकाला उपसंपदा दिली आणि त्या शिष्याला घेऊन तो भगवंतांच्या दर्शनास आला. ज्याला अद्याप दुसऱ्याने शिकविण्याची गरज आहे तो इतरांना शिकवू पाहतो, अशी त्याची कानउघाडणी झाली आणि दहा वर्षे पूर्ण झाल्यावाचून कोणी उपज्झाय होऊ नये असा नियम झाला. एवढ्यावर थांबले असते तर तो निव्वळ सेवाज्येष्ठतेचा नियम ठरला असता. पण लवकरच उलट अनुभव आला. दहा वर्षे भरली आहेत एवढ्या बळावर अज्ञ भिक्खूही उपज्झाय होऊ लागले. उपज्झाय अडाणी आणि शिष्य शहाणा असा प्रकार दिसू लागला. तेव्हा नियम सुधारला गेला: दहा वर्षे हवीतच, पण तो भिक्खू व्यक्त व समर्थही असावा. ज्येष्ठता आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे संघाला अनुभवाने कळले आणि कळताच नियम बदलला. आपल्या संस्थांमध्ये हे कळते, पण नियम बदलावयास फार वेळ लागतो.

समर्थ म्हणजे काय हेही मोघम ठेवलेले नाही. पाच-पाच अंगांच्या अनेक याद्या त्या खंधकात आहेत. त्यांपैकी काही अंगे अशी: शिष्य आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करण्यास किंवा करविण्यास तो समर्थ असावा, शिष्याचे मन उडाले तर ते पुन्हा स्थिर करता यावे, त्याच्या मनातील अपराधाची टोचणी धम्माला धरून दूर करता यावी, दोष कोणता आणि त्यातून बाहेर कसे पडावे हे ठाऊक असावे, उत्पन्न झालेली चुकीची दृष्टी चर्चेने दूर करता यावी. बहुश्रुतता या याद्यांत आहे, पण ती एकटी नाही. शुश्रूषा करता येणे हा शिक्षकाच्या पात्रतेचा भाग आहे आणि शिष्याचा कंटाळा ओळखता येणे हाही आहे. ज्यांनी प्रौढांचा वर्ग एकदा तरी चालविला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वर्ग ओस पडतो तो बहुतेक अक्षरे कठीण असतात म्हणून पडत नाही.

शिकण्याचा कालावधीही सर्वांना सारखा नव्हता. निस्सय, म्हणजे मार्गदर्शकाच्या आश्रयाने राहणे, प्रथम सर्वांसाठी दहा वर्षांचे ठरले होते. नंतर ते व्यक्त व समर्थ भिक्खूसाठी पाच वर्षांवर आणले गेले आणि जो तसा नाही त्याच्यासाठी आजीवन ठेवले गेले. यात अवहेलना पाहण्याचे कारण नाही. ज्याला अधिक काळ आधार हवा त्याला तो मिळेल, आणि तो देण्याची जबाबदारी संघाची राहील, असा त्याचा अर्थ आम्ही करतो.

सोण कोळिविसाची कथा याच महावग्गात पुढे, पाचव्या खंधकात येते. सुकुमार वाढलेल्या सोणाने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि निराश होऊन घरी परतण्याचा विचार केला. भगवंतांनी त्याला तत्त्वचर्चा ऐकविली नाही. तू घरी वीणा वाजवीत होतास ना, असे विचारले. तारा फार ताणल्या तर काय होते, फार सैल सोडल्या तर काय होते, हे त्याच्याच तोंडून वदविले. शिकणाऱ्याच्या पूर्वायुष्यातील कौशल्यावर नवे ज्ञान उभे करावे असे आज प्रौढशिक्षणशास्त्र सांगते, त्याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण. या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. सोणाला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी देण्यात आली. आपल्या एकट्यासाठी सवलत नको, संघाला मिळत असेल तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. आणि ती सवलत सर्व संघाला मिळाली. एकाची गरज पाहून केलेली सोय सर्वांची झाली आणि गरजवंताला वेगळा पाडण्याचा प्रसंगच उरला नाही.

भाषेचा प्रश्नही संघापुढे आला होता. चुल्लवग्गात दोन ब्राह्मण जातीच्या भिक्खूंची हकीकत आहे. नाना कुळांतून व प्रदेशांतून आलेले लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदात घालावे, अशी त्यांची सूचना होती. ती फेटाळली गेली आणि बुद्धवचन सकाय निरुत्तीने शिकण्याची अनुज्ञा मिळाली. ही स्वतःची भाषा कोणाची, यावर मतभेद आहे. बुद्धघोष ती बुद्धांची मागधी मानतात. अनेक आधुनिक अभ्यासक ती शिकणाऱ्याची मानतात. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, आणि त्याला मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्ताचा आधार आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाती, पत्त, सराव, पोण अशी निरनिराळी नावे आहेत. आपलेच नाव खरे असा हट्ट न धरता त्या त्या लोकांच्या शब्दाने बोलावे, असे ते सुत्त सांगते. ‘शुद्ध’ बोलता येत नाही म्हणून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसविले गेले, त्यांच्या वंशजांना या सुत्ताचे मोल वेगळे सांगावयास नको.

चुळपंथकाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होऊ शकत नाही. अट्ठकथा सांगते की त्याचा थोरला भाऊ महापंथक याने त्याला दीक्षा दिली, पण चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. भावाने त्याला विहारातून जावयास सांगितले. थेरगाथेत खुद्द चुळपंथकाच्या तोंडी ज्या गाथा आहेत त्या अट्ठकथेहून जुन्या आणि अधिक साध्या आहेत. आपली गती मंद होती, आपला अवमान होत असे, भावाने आपल्याला घालवून दिले, आणि तरीही आशा धरून आपण संघारामाच्या दाराशी उभे राहिलो, असे तो सांगतो. भगवान तेथे आले, त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरविला, हात धरून त्याला आत नेले आणि पाय पुसण्याचे एक फडके देऊन त्यावर चित्त एकाग्र करावयास सांगितले. अट्ठकथेच्या कथनात हाताळून हाताळून स्वच्छ वस्त्र मळत जाते आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता उमगते. पाठांतर ज्याला जमत नाही त्याला डोळ्यांनी व हातांनी शिकविले गेले. ध्येय तेच राहिले, वाट तेवढी बदलली.

त्याला ‘घालवून दिले’ यासाठी गाथेत आलेले क्रियापद ‘पणामेसि’ हे आहे. विनयात शिष्याला दूर करण्यासाठी ‘पणामना’ हाच पारिभाषिक शब्द आहे आणि तो अधिकार केव्हा वापरावा याचे नियम महावग्गातच आहेत. शिष्याच्या ठायी प्रेम नसेल, श्रद्धा नसेल, लाज नसेल, आदर नसेल, भावना नसेल, तर त्याला दूर करता येते. शेवटच्या शब्दाचा अर्थ अट्ठकथेने मैत्रीभावना असा केला आहे. नीट वागणाऱ्या शिष्याला दूर करणे हा दोष मानला आहे आणि दूर केलेल्याने क्षमा मागितल्यास ती दिलीच पाहिजे असाही नियम आहे. या पाच कारणांत मंद बुद्धी नाही, विसराळूपणा नाही. विनयाच्या या कसोटीवर महापंथकाचे कृत्य टिकत नाही, मग तो अर्हत असो. अट्ठकथाकारांनी मात्र चुळपंथकाच्या मंदपणाचे कारण पूर्वजन्मात शोधले आहे. थेरगाथेत तसे काही नाही, आणि पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना बाबासाहेबांनी का नाकारली हे जाणणाऱ्या वाचकास ते स्पष्टीकरण पटण्यासारखेही नाही. शिकणाऱ्याच्या अडचणीचे खापर त्याच्याच पूर्वकर्मावर फोडले म्हणजे शिकविणारा मोकळा होतो.

चुळपंथक पुढे स्वतः शिक्षक झाला. भिक्खुनींना उपदेश करण्याची पाळी त्याच्यावर आली तेव्हा त्या आपसांत म्हणाल्या की हा आज तेच एक वचन पुन्हा पुन्हा म्हणणार. त्याने आरंभी तेच वचन म्हटले; पण नंतर असा उपदेश केला की त्या उठेनात आणि सूर्य मावळला. (त्या प्रसंगी त्याने आकाशगमन केल्याची जोड कथेत आहे, ती आम्ही चमत्कारप्रेमींसाठी सोडून देतो.) नगराचे दरवाजे बंद झाल्याने भिक्खुनींना रात्र बाहेर काढावी लागली, लोकांनी भलतेसलते बोलावयास सुरुवात केली आणि सूर्यास्तानंतर भिक्खुनींना उपदेश करू नये हा पाचित्तियातील बाविसावा नियम झाला. उत्तम वर्गही चुकीच्या वेळी चालला तर त्याची किंमत शिकणाऱ्या स्त्रियांना मोजावी लागते. वस्त्यांतील महिलावर्गांची वेळ पुरुष कार्यकर्त्यांच्या सोयीने ठरते तेव्हा हा नियम आठवावा.

त्याच्या आधीचा एकविसावा नियम भिक्खुनींच्या शिक्षकाची पात्रता सांगतो. षड्वर्गीय भिक्खू उपदेशाच्या नावाखाली थोडासा धम्म सांगून उरलेला दिवस वायफळ गप्पांत घालवीत. यावर संघाची संमती आणि आठ अंगे आवश्यक ठरली: शील, बहुश्रुतता, दोन्ही पातिमोक्खांचे सविस्तर ज्ञान, चांगली वाणी, उपदेशाचे सामर्थ्य, गंभीर अपराधाचा अभाव, वीस वर्षांचा अनुभव, आणि या यादीतच एक अंग असे की तो बहुतेक भिक्खुनींना प्रिय असावा. शिक्षकाच्या निवडीत शिकणाऱ्यांचे मत पात्रता म्हणून नोंदले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. तथापि स्त्रियांना उपदेश पुरुषांनीच करावयाचा ही चौकट त्या नियमाने मोडली नाही आणि आठ गरुधम्मांची विषमताही तशीच राहिली, हे नमूद केले पाहिजे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. शिष्याच्या शुश्रूषेचे नियम ज्या महाखंधकात आहेत, त्याच खंधकात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांची यादीही आहे. ज्यांचे हात, पाय, कान, नाक कापले गेले असे दंडित, तसेच लंगडे, आंधळे, मुके, बहिरे लोक त्या यादीत आहेत. कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार या पाच रोगांनी पीडित असलेल्यांनाही मनाई आहे. या रोगांविषयीच्या मनाईचे कारण विनयातच दिले आहे: मगधात हे रोग पसरले असता लोक केवळ जीवकाकडून उपचार मिळावा म्हणून भिक्खू होऊ लागले, बरे होताच चीवर टाकून जाऊ लागले आणि जीवकाने तक्रार केली. भिक्षेवर जगणाऱ्या संघाची मर्यादा आम्ही समजू शकतो. पण आंधळ्या-बहिऱ्या माणसाला दारातच थांबविणारा नियम आज आदर्श म्हणून सांगता येणार नाही, आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संघात आल्यावर अधू झालेल्याला मात्र बाहेर काढले जात नसे. धम्मपद-अट्ठकथेची पहिलीच कथा दृष्टी गमावलेल्या चक्खुपाल थेराची आहे.

धम्म ऐकण्याचे दार मात्र असे अडविलेले नव्हते. उदानात सुप्रबुद्ध नावाच्या राजगृहाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. गर्दी पाहून काही खावयास मिळेल म्हणून तो जवळ आला आणि सभेच्या कडेला बसला. भगवंतांनी सभेवर दृष्टी फिरवून त्यालाच हेरले आणि त्याला समजेल अशी, दानापासून आरंभ करून पायरीपायरीने चढणारी आनुपूर्वी कथा सांगितली. आळवीच्या शेतकऱ्याची कथा अट्ठकथेत आहे: हरवलेला बैल शोधून तो उपाशी आला, तोवर सभा थांबून राहिली, त्याला आधी जेवू घातले आणि मगच प्रवचन सुरू झाले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दीनदुबळ्यांच्या धम्मदीक्षांचा वेगळा भाग केला आणि त्यात उपाली, सुनीत, सोपाक यांच्याबरोबर कुष्ठरोगी सुप्रबुद्धालाही स्थान दिले. विनयाने संघाच्या दाराशी ज्या रोगाला अडविले, तो रोग झालेला माणूस त्यांनी मुद्दाम पुढे आणला. ही निवड आम्हांस सहज झालेली वाटत नाही.

कौशांबीची खुज्जुत्तरा ही कुबड असलेली दासी होती. राणी सामावतीसाठी फुले आणावयास ती सुमन माळ्याकडे जाई. तेथे तिने धम्म ऐकला आणि परत येऊन राणीला व तिच्या परिवारातील स्त्रियांना सांगितला. त्या स्त्रियांना अंतःपुराबाहेर पडता येत नव्हते. तेव्हा त्यांनी तिला उंच आसनावर बसविले आणि रोज विहारात जाऊन ऐकून यावे व आम्हांला शिकवावे अशी योजना केली. इतिवुत्तकातील सुत्ते तिच्याच स्मरणातून आली अशी परंपरा आहे, आणि अंगुत्तरनिकायात बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. ज्यांना वर्गापर्यंत येता येत नाही त्यांच्यापर्यंत वर्ग नेण्यासाठी त्यांच्यातलीच एक व्यक्ती निवडून तिला नियमित शिकवीत राहणे, ही पद्धत कौशांबीत अशी अस्तित्वात होती.

ही परंपरा आपल्या भूमीतही पोहोचली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय संघातील भाणक सातिमित याचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन तोंडपाठ धारण करून लोकांना सांगणारा. लेखनविद्या थोड्यांपाशी होती त्या काळी सह्याद्रीच्या घाटवाटांवर जे प्रौढशिक्षण झाले असेल त्याचा एक शिक्षक आपल्याला अशा रीतीने नावानिशी भेटतो.

आधुनिक काळाविषयी थोडक्यात. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. शिकणाऱ्याच्या जीवनाप्रमाणे संस्थेने आपली वेळ बदलावी, हे तत्त्व त्यात आहे. भिक्खू हा केवळ स्वतःच्या पूर्णत्वासाठी आहे की समाजाचा सेवक आहे, हा प्रश्न त्यांनी धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला. १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या परंपरेत गृहस्थ बौद्धाचार्य घडविण्याचे जे कार्य चालते ते या प्रश्नाशी जोडलेले आहे.

आज पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासून केंद्र शासनाचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता नोंदल्या आहेत. त्याचे अठरावे कलम प्रौढशिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेण्याविषयी आहे, आणि सतरावे कलम सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणाऱ्या, तसेच स्वतः दिव्यांग असलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा व नेमणुकीचा उल्लेख करते. विहारांतून चालणारे अक्षरवर्ग, पालिवर्ग आणि श्रामणेर शिबिरे यांच्या शिक्षकांना यांपैकी काय शिकविले जाते, हे विहारसमित्यांनी तपासावे. आमची सूचना मर्यादित आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यात एका वर्षी महाखंधकातील उपज्झायवत्त आणि निस्सयाची प्रकरणे शिकविणाऱ्यांनी एकत्र बसून वाचावीत, आपल्या वर्गातून गळालेल्या प्रत्येक प्रौढाचे नाव समोर ठेवावे, आणि त्याला पणामनेच्या पाचांपैकी कोणते कारण लागू होते ते पाहावे. एकही लागू होत नसेल तर त्याच्या घरी जावे.